गोळ्या चालू आहेत ना?

दिवाळीला आठ दिवस राहिले होते. निवृत्तीनंतर नव्या घरी राहायला येऊन मला जेमतेम तीन महिने झाले होते आणि कोपऱ्यावरच्या गिरणीत मी पहिल्यांदाच भाजणीचा डबा घेऊन गेले होते. भर दुपारीही पाच-सहा बायका आपापले डबे पुढे सरकवत उभ्या होत्या. पट्ट्याची फटफट, गरम पिठाचा किंचित करपट वास, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर, गणपतीच्या तसबिरीवर, विजेच्या मीटरवर सारखीच बसलेली पांढरी धूळ. गिरणीवाल्याने माझ्या डब्याचे झाकण उघडले आणि धण्या-जिऱ्याचा वास आल्याबरोबर म्हणाला, "चकलीची ना? थांबा थोडं. आत्ता गहू चाललाय. ह्यांचे तांदूळ झाले की त्यावर टाकतो." भाजणी गव्हावर दळली तर चकली बिघडते, हे मला सांगावे लागले नाही याचेच मला कौतुक वाटले. डबा बाजूला ठेवता ठेवता त्याने माझ्याकडे नीट पाहिले आणि आवाज खाली आणून विचारले, "सिस्टर ना तुम्ही? मी तुमच्याकडे होतो. दोन-तीनदा."

'तुमच्याकडे' हा शब्द त्याने किती विचार करून वापरला होता, हे मला घरी आल्यावर कळले. त्या क्षणी मात्र मी त्याच्या हातांकडे पाहिले. मग डोळ्यांकडे, ओठांकडे, पायांकडे. उजव्या हाताची बोटे बारीक थरथरत होती. पाय एका जागी स्थिर होते. पोशाख नीटनेटका, नजरेला नजर देतो, बोलणे सुसंगत, वेग नेहमीचा. एकोणतीस वर्षे मनोरुग्णालयात ज्या क्रमाने केसपेपरवर लिहिले, त्याच क्रमाने तीन-चार सेकंदांत हे सगळे मनात उमटून गेले. तोंडातून पहिले वाक्य निघाले ते "अरे, तू होय!" आणि त्याला लागूनच, गिरणीच्या आवाजावर मात करण्यासाठी चढवलेल्या सुरात दुसरे निघाले, "गोळ्या चालू आहेत ना?"

रांगेतल्या दोन बायकांनी माना वळवल्या.

त्याने तांदळाचे पीठ थोपटून डब्यात बसवले, झाकण लावले आणि मान वर न करता म्हणाला, "बीपीच्या ना? चालू आहेत की." मग पुढच्या बाईला, "काकू, पंचवीस रुपये."

भाजणी घेऊन मी घरी आले. डबा ओट्यावर ठेवला तेव्हा तो हाताला अजून गरम लागत होता. पुढचे कितीतरी दिवस ते 'बीपीच्या ना' माझ्या मनातून गेले नाही. माझ्या हातून झालेली चूक त्या माणसाने एका शब्दात झाकली, आणि इतक्या सहजपणे, की अशी झाकपाक करण्याचा त्याला बराच सराव असणार. आणि ज्या खात्यात मी हयात घालवली, त्या खात्यात माझ्याइतके हे कोणाला कळायला हवे होते?

आमच्या वॉर्डात शिरलेला माणूस पहिल्यांदा कोणती वस्तू गमावत असेल, तर 'तुम्ही'. कपडे, चष्मा, घड्याळ, पाकीट हे सगळे पिशवीत भरून, यादी करून, नातेवाइकांची सही घेऊन परत दिले जाते. 'तुम्ही'ची नोंद कुठल्याच यादीत नसते. साठीला टेकलेले एक मुख्याध्यापक आमच्याकडे दाखल होते. बाहेर गावाने त्यांना आयुष्यभर 'सर' म्हटले असणार. आमच्याकडे औषधांच्या राऊंडला कालचा विशीतला परिचर त्यांना "ए मास्तर, आ कर. जीभ वर. गाल दाखव," असे म्हणायचा आणि ते आ करायचे. गोळी गालात लपवून नंतर थुंकणारे रुग्ण असतात, त्यामुळे तोंड तपासावेच लागते. त्यात काही गैर नाही. पण "सर, जरा तोंड उघडता का," असे म्हटले असते तरी गाल तेवढाच दिसला असता. भेटीच्या दिवशी त्यांचा मुलगा आला, की तोच परिचर, आणि त्याच्या शेजारी उभी असलेली मीसुद्धा, "सर आता बरे आहेत, जेवतात व्यवस्थित," असे बोलू लागायचो. मुलगा फाटकाबाहेर गेला, की पुन्हा 'ए मास्तर'. आमच्यातले कोणी दुष्ट नव्हते. तोच परिचर थंडीत आपली शाल एका रुग्णाला देऊन रात्रभर स्वेटरवर कुडकुडताना मी पाहिला आहे. त्याने शाल दिली तीसुद्धा "घे रे, पांघर," असे म्हणूनच.

मी नोकरीला लागले तेव्हा १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा अमलात येऊन एखादे वर्ष झाले होते. त्याआधी १९१२ चा 'ल्युनसी', म्हणजे वेडेपणाचा, कायदा होता. पहिल्या दिवशी इन्चार्ज सिस्टरांनी मला कायद्याविषयी काही सांगितले नाही. त्यांनी सांगितले ते असे: वॉर्डात कोणाला पाठ दाखवायची नाही. खोलीत शिरताना दार आपल्या मागे हवे, रुग्णाच्या मागे नाही. खिशात पेन उघडे ठेवायचे नाही. गळ्यात साखळी नको, कानात लोंबते काही नको. ओरडणाऱ्याला घाबरू नकोस, अचानक गप्प झालेल्याकडे लक्ष ठेव. हे सगळे शहाणपण होते आणि त्याने मला एकदा तरी नक्की वाचवले आहे. आमच्या एका ब्रदरचे मनगट एका झटापटीत मोडले, ते पुढे कधीच पूर्ण सरळ झाले नाही. रात्रपाळीला पन्नासच्या वर रुग्ण, एक सिस्टर आणि दोन परिचर असे गणित असले, की भीती हा स्वभावदोष राहत नाही. ती ड्यूटीचाच भाग होऊन बसते. 'यांना रुग्णांविषयी सहानुभूती नाही,' असे बाहेरून येऊन सांगणाऱ्या व्याख्यात्यांचा मला म्हणूनच राग येई. त्यांनी एक रात्र काढावी आणि मग बोलावे.

पण दाराकडे पाठ ठेवून उभे राहण्याची सवय शरीराला लागली, की ती मनालाही लागते. ज्या एका रुग्णाने कानाखाली मारली, तो वीस वर्षे लक्षात राहतो. ज्या शेकडो जणांनी मुकाट्याने गोळी घेतली, पाणी प्यायले आणि "थँक्यू सिस्टर" म्हणून पेला परत दिला, त्यांचे चेहरे कुठे आहेत? पाळी संपताना पुढच्या सिस्टरला ओव्हर देताना तरी आम्ही कोणाविषयी बोलायचो? "चौदा नंबरवर लक्ष ठेव, नऊ नंबर झोपलेला नाही, बावीस नंबर क्रॉनिक आहे, त्याचं काही नाही." हे 'त्याचं काही नाही' मी किती वेळा म्हटले असेन, त्याची मोजदाद नाही. कोणाचे आयुष्य तीन शब्दांत आवरून टाकायला यापेक्षा सोयीस्कर वाक्य मराठीत नसावे.

बायकांच्या वॉर्डातली एक गोष्ट मी आजवर मुलीलासुद्धा सांगितलेली नाही. एक बाई क्लोझापिनवर होती. या गोळीमुळे तिच्या कानातले आवाज पहिल्यांदाच थांबले होते, ती भाजी निवडायला बसू लागली होती, त्यामुळे आम्ही सगळ्याच खूश होतो. एके दिवशी ती म्हणू लागली, "सिस्टर, माझ्या पोटात साप वेटोळं घालून बसलाय." मी लिहिले, 'भ्रम पुन्हा सुरू.' दुसऱ्या दिवशी तिने तेच सांगितले, जेवण टाकले आणि रात्री ती पोट धरून कॉटवर बसून राहिली. मी लिहिले, 'भ्रम कायम. जेवण नाकारते.' अक्षर सुवाच्य, वेळ, तारीख, सही. तिसऱ्या दिवशी सकाळी नव्यानेच लागलेल्या एका डॉक्टर मुलीने, बहुधा आमच्याइतका अनुभव नसल्यामुळेच, तिच्या पोटावर हात ठेवला. पोट ढोलासारखे टणक होते. क्लोझापिनने आतड्याची हालचाल मंदावते, बद्धकोष्ठता होते आणि ती वेळेवर ओळखली नाही तर आतडे अडून माणूस दगावू शकतो, हे मला पाठ होते; परीक्षेत मी ते लिहून मार्क मिळवले होते. बाईला तातडीने दुसऱ्या रुग्णालयात हलवले आणि ती वाचली. चार दिवस शौचाला झालेले नाही, पोटात काहीतरी आवळून बसले आहे, हे त्या बाईने तिच्या भाषेत अगदी अचूक सांगितले होते. कोणत्याही खेड्यातल्या म्हातारीने असेच सांगितले असते आणि मी तिला विचारले असते, "आजी, पोट साफ होतंय का?" हिला मात्र विचारले नाही, कारण तिचा आजार कोणता ते केसपेपरवर आधीच लिहिलेले होते, आणि ते एकदा वाचले की माझे कान बंद होत असत.

तीव्र मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा दहा ते वीस वर्षे लवकर जातात आणि त्यांतली बहुतेक टाळता येण्याजोग्या शारीरिक आजारांनी जातात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या आकड्यात धूम्रपान आहे, मधुमेह आहे, औषधांनी वाढलेले वजन आहे. मला त्यात माझे ते सुवाच्य अक्षरही दिसते.

प्रशिक्षणाच्या काळात एका सरांनी आम्हाला डेव्हिड रोझेनहान या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगाची हकिकत सांगितली होती. १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली. आठ धडधाकट माणसे 'आम्हाला आवाज ऐकू येतात' एवढेच सांगून मनोरुग्णालयांत दाखल झाली आणि आत गेल्यावर नेहमीसारखी वागली. कर्मचाऱ्यांपैकी कोणी त्यांना ओळखले नाही, काही रुग्णांनी मात्र ओळखले. आणि ही माणसे वहीत टिपणे लिहीत बसत, तेही लक्षण म्हणून नोंदले गेले. त्या प्रयोगाच्या खरेपणाविषयी अलीकडे गंभीर शंका घेतल्या गेल्या आहेत आणि त्या निराधार वाटत नाहीत. मला स्वतःला पुराव्यासाठी अमेरिकेत जाण्याची गरज नाही. माझ्या वॉर्डात एक तरुण दिवसभर वहीत काहीतरी लिहायचा. मी नोंद केली होती, 'सतत लिखाण करतो, विचारल्यास उत्तर देत नाही.' डिस्चार्जच्या वेळी त्याने वही दाखवली. बँकेच्या परीक्षेची गणिते होती.

आणि गिरणीवाला? त्याचीही नोंद माझ्याच हातची होती. उन्मादाच्या अवस्थेत त्याला बांधून रिक्षातून आणले होते. तीन रात्री तो झोपला नव्हता, घसा बसला होता, तरी बोलणे थांबत नव्हते. सगळ्या वॉर्डाला सोन्याचे कडे करून देणार होता. दहा गिरण्या टाकणार होता, सिस्टरांचे दळण फुकट. मी लिहिले, 'मोठेपणाच्या कल्पना व्यक्त करतो, उदा. दहा गिरण्या.' ती नोंद चुकीची नव्हती, कारण दहा गिरण्यांचा तो माणूस त्या रात्री खरोखरच आजारी होता. पण त्या कल्पनेच्या तळाशी एक साधीशी इच्छा असू शकते, आणि ती आजार उतरल्यावरही शिल्लक राहील, हे लिहायला आमच्या केसपेपरवर रकाना नव्हता. दहातली एक निघाली, हे मला कळायला इतकी वर्षे लागली, तीही भाजणीच्या निमित्ताने.

कारण बरा झालेला माणूस आमच्याकडे येतच नाही. तो का येईल? फाटकापासून शंभर पावलांवर गेल्यावर तो वळून पाहत नाही, आणि आमच्यापैकी कोणी बाजारात दिसले तर रस्ता बदलतो. आमच्याकडे परत येतात ते पुन्हा आजारी पडलेले. पॅट्रिशिया आणि जेकब कोहेन या दोघांनी १९८४ मध्ये याविषयी लिहिले होते आणि त्याला 'चिकित्सकाचा भ्रम' असे म्हणता येईल असे नाव दिले होते: उपचार करणाऱ्यासमोर नेहमी दीर्घकाळ आजारी राहणारेच जास्त येतात, म्हणून आजार असतो त्याहून अधिक असाध्य आहे असे त्याला वाटू लागते. आमच्या एका डॉक्टरांनी हे केस कॉन्फरन्समध्ये सांगितले, तेव्हा आम्ही मागच्या बाकांवर हसलो होतो, कारण 'भ्रम' हा शब्द आम्हाला उद्देशून कोणी पहिल्यांदाच वापरला होता. अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या सरकारी मनोरुग्णालयातून बाहेर पडलेल्या २६९ जणांचा माग सरासरी ३२ वर्षांनी काढला गेला; ते मागच्या वॉर्डातले, कोणालाच आशा न उरलेले रुग्ण होते. १९८७ मध्ये त्याचे निष्कर्ष आले, आणि निम्मे ते दोन तृतीयांश लोक बऱ्यापैकी सुधारलेले किंवा पूर्ण बरे झालेले आढळले. ज्यांना आम्ही 'त्याचं काही नाही' म्हणतो, तेच हे लोक. मी हे वाचले तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. प्रामाणिकपणे सांगायचे तर आधी थोडा अपमान वाटला. आम्ही इतकी वर्षे उभे राहून काय पाहिले मग?

बदल झाले नाहीत असे नाही. उवांचे कारण सांगून बायकांचे केस सरसकट कापले जात, ते मी पाहिले आहे, कात्री धरली आहे. एका संक्रांतीला हळदीकुंकवासाठी कोणीतरी वॉर्डात गजरे पाठवले, तेव्हा एकीने आपला गजरा हातात फिरवत मला विचारले, "हा कुठं माळू?" आणि मी घाईने पुढच्या बाईकडे वळले. २०१७ चा नवा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ मध्ये अमलात आला, तेव्हापासून सक्तीने केस कापता येत नाहीत, स्वतःचे कपडे घालण्याचा हक्क आहे, काम करून घेतले तर मोबदला द्यावा लागतो, साखळीने बांधण्याला बंदी आहे. २००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडीला साखळीने बांधलेली माणसे आगीत जळून मेली होती, हे आठवले की यातला शेवटचा मुद्दा लिहून ठेवावा लागला याची लाज वाटते. वर्तणूक मात्र कलमांनी हळूहळूच बदलते. नव्या मुली 'काका', 'ताई' म्हणू लागल्या, ते मला माझ्या शेवटच्या वर्षांत ऐकू आले. आम्हा जुन्यांना ते नाटकी वाटायचे.

आमच्याकडेही लोक कोणत्या नजरेने पाहतात, तेही सांगायला हवे. 'याला येरवड्याला पाठवा', 'ठाण्याला नेऊन सोडा' हे विनोद ज्या भाषेत शाळकरी मुलांना येतात, त्या भाषेत मनोरुग्णालयात नोकरी करणाऱ्या बाईचे लग्न जमताना काय विचारले गेले असेल, ते वेगळे लिहायला नको. "तुमच्यावर काही परिणाम होत नाही ना?" हा प्रश्न मला भिशीतल्या बायकांपासून नव्या शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांनी विचारला आहे. मी हसून म्हणायचे, "झालाय, म्हणून तर टिकले." हा विनोद हमखास खपायचा.

परिणाम झाला तो यजमान गेल्यानंतर. सहा महिने पहाटे तीनला जाग यायची आणि छातीवर कोणीतरी पोते ठेवल्यासारखे वाटायचे. जेवणाला चव नव्हती, पेपरातली एक ओळ पूर्ण वाचवत नव्हती. हे काय आहे, ते मला नेमके माहीत होते. दुसऱ्या कोणाचे असते तर मी पाच मिनिटांत ओळखले असते आणि डॉक्टरांकडे धाडले असते. मी मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, जिथे मला कोणी ओळखत नाही अशा दवाखान्यात गेले आणि केसपेपरवर नोकरीच्या जागी 'गृहिणी' लिहिले. एस्सिटालोप्रामच्या, म्हणजे नैराश्यावरच्या, गोळ्या पाकिटातून काढून पाचक गोळ्यांच्या डबीत ठेवल्या. वॉर्डातल्या कोणालाही कळू दिले नाही, कारण माझी रजा वाढली असती तर ओव्हर देताना माझ्याविषयी कोणत्या शब्दांत बोलले गेले असते, ते मला पाठ होते. त्यातले बरेच शब्द मीच नव्या मुलींना शिकवले होते. मुलीने एकदा डबी पाहिली आणि विचारले, "आई, या कसल्या गोळ्या?"

मी म्हटले, "बीपीच्या."

गिरणीत त्या दिवशी त्याने उत्तर दिले तेव्हा मला लाज वाटली, त्यात ही लाज जास्त होती. रांगेतल्या बायकांना त्याचे उत्तर साधे वाटले असेल. मला मात्र त्या शब्दाच्या मागची सगळी खोली दिसली, डबीसकट. आणि तरीही मी असे म्हणणार नाही, की माझा प्रश्न नुसता उद्धटपणाचा होता. लिथियम हे उन्मादाच्या आजारावरचे औषध घेणारा माणूस दिवसभर गिरणीच्या उकाड्यात घाम गाळत उभा असेल आणि पुरेसे पाणी पीत नसेल, तर रक्तातले त्याचे प्रमाण वाढू शकते आणि हाताची थरथर ही त्याची पहिली खूण असू शकते. तो लिथियमवर होता तेव्हा मी त्याचे रक्त काढले आहे. काळजी खरी होती. ती चारचौघांत, मोठ्या आवाजात, 'अरे तू' म्हणून व्यक्त झाली, आणि माझ्या हयातीतली बहुतेक काळजी मी अशीच व्यक्त केली असणार.

भाऊबीज झाल्यावर गव्हाचा डबा घेऊन मी पुन्हा गेले. खरे म्हणजे पलीकडच्या चौकात दुसरी गिरणी आहे. दोनदा तिकडे जाऊन आले होते. या वेळी मुद्दाम दुपारी अडीचला गेले, म्हणजे कोणी नसेल. काय बोलायचे ते वाटेत जुळवत होते. गिरणी नुकतीच थांबली होती. पट्टा स्थिर होता आणि तो स्टुलावर बसून बाटलीतून पाणी पीत होता. एक लिटरची बाटली, अर्धी संपलेली. मी ती पाहिली, हे त्यानेही पाहिले.

"या सिस्टर. चकली कशी झाली?"

"तेलात विरघळल्या," मी म्हटले. "अर्ध्या टाकून द्याव्या लागल्या."

"मोहन जास्त झालं," तो लगेच म्हणाला. "भाजणीचा दोष नाही, ती मी स्वतः दळली होती. कडकडीत मोहन किती घातलं?"

मी सांगितले. त्याने मान हलवली, अगदी आमचे मोठे डॉक्टर राऊंडला हलवायचे तशी, आणि म्हणाला की चार वाट्या पिठाला एवढे चालत नाही, त्याच्या बायकोचे माप वेगळे आहे, ती संध्याकाळी असते तेव्हा विचारून घ्या. मग उठून त्याने गव्हाचा डबा काट्यावर ठेवला. बोटे थरथरत होती, तरी काटा त्याने नेमका स्थिर केला.

"तुमचं दुपारचं जेवण झालं का?" मी विचारले.

"हो, झालं. बारीक दळू की जाडसर?"

"बारीक," मी म्हटले. त्याने बटण दाबले, पट्टा फिरू लागला आणि पुढचे काही बोलायची सोय राहिली नाही.